पाण्याखालच्या गावाची वही

 

एरवी आम्ही तुमच्याशी कर्जाचे हप्ते, बँकेचे कागद, मासिक बैठका असल्या विषयांवर बोलतो. आज हिशेबाची वही बाजूला ठेवू. आज बोलायचं आहे ते आपल्या गावांच्या इतिहासाबद्दल. तो इतिहास लिहून ठेवायचा असेल तर फार वेळ हाताशी उरलेला नाही, म्हणून हा विषय घेतला.

सुरुवात एका आनंदाच्या बातमीनं करू. ११ जुलै २०२५ ला पॅरिसमध्ये युनेस्कोची बैठक झाली. युनेस्को म्हणजे जगातल्या देशांनी मिळून चालवलेली शिक्षण आणि संस्कृतीची संस्था. जगानं जपावीत अशा ठिकाणांची एक यादी ही संस्था ठेवते. त्या दिवशी मराठ्यांचे १२ किल्ले या यादीत गेले. ११ आपल्या महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. त्या ११ मध्ये आपला राजगड आहे. आपल्या तालुक्याला आता ज्याचं नाव मिळालं, तोच राजगड. गावोगावच्या पोरांनी मोबाईलवर ती बातमी फिरवली, ती तुमच्याही पाहण्यात आली असेल.

आता ही यादी वाचताना आम्हाला एक गाव सापडलं. राजगड जिथं आता पोचला, तिथं हे गाव १९९९ पासून आहे. फ्रान्स देशातलं गाव, सेंत एमिलिओं त्याचं नाव. तिथं राजवाडा नाही की मोठा किल्ला नाही. वस्ती आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी, दोन हजारांच्या आत. चहूबाजूंनी द्राक्षांचे मळे, आणि त्या द्राक्षांपासून होणारी वाइन हाच गावाचा धंदा. थांबा, लगेच नाक मुरडू नका! दारूनं घरं कशी बसतात हे आम्ही गटात रोज बघतो, आणि दारूचं कौतुक करायला आम्ही इथं आलेलो नाही. त्या गावानं आपलं गाव कसं जपलं, तेवढंच बघायचं आहे. ते शिकण्यासारखं आहे.

त्या गावाची गोष्ट अशी सांगतात. आठव्या शतकात एमिलिओं नावाचा एक साधू तिथल्या गुहेत येऊन राहिला. त्याच्या मागून माणसं आली. पुढं तिथल्या लोकांनी एका अखंड खडकात देऊळ कोरलं, म्हणजे त्यांचं चर्च. आपल्या वेरूळच्या कैलासासारखं, एका दगडातलं. घरं बांधायला दगड गावाच्या खालूनच काढला, त्यामुळं आजही गावाखाली लांबच लांब पोकळ बोगदे आहेत. ११९९ साली तिथल्या राजानं गावातल्या पंचांना एक सनद दिली. द्राक्षं कधी तोडायची ते पंचांनी ठरवायचं, आणि पिंपात भरलेला माल चांगला की वाईट तेही त्यांनीच तपासायचं. चांगल्या पिंपावर गावाच्या नावाचा तापवलेला ठसा उमटवायचा, आणि वाईट माल गावाच्या नावानं बाहेर जाऊ द्यायचा नाही. पुढं फ्रान्समध्ये क्रांती झाली, तेव्हा ही पंचमंडळी मोडली. पण गाव विसरलं नाही. १९४८ साली गावकऱ्यांनी ती परत उभी केली. आजही सप्टेंबरात ही मंडळी लाल झगे घालून जुन्या बुरुजावर चढतात आणि द्राक्षांची तोडणी सुरू झाल्याचं गावाला सांगतात. आजूबाजूच्या ठरलेल्या गावांत पिकलेल्या द्राक्षांनाच ते नाव लावता येतं, दुसऱ्या कुणाला नाही.

यात आम्हाला तीन गोष्टी दिसल्या. एक, गावानं आपला इतिहास लिहून ठेवला. दोन, तो वर्षातून एकदा सगळ्यांसमोर जागवला. आणि तीन, आपल्या मालाला आपल्या गावाचं नाव लावलं आणि त्या नावाची राखण स्वतः केली. यातल्या कुठल्याच गोष्टीला मोठा पैसा लागत नाही.

आता आपल्याकडं वळू.

इतिहासात आपण कुणापेक्षा कमी नाही. आपला मुलूख बारा मावळांतला. वेल्ह्याच्या डोक्यावर तोरणा उभा आहे, ज्याला प्रचंडगड म्हणतात. शिवरायांनी १६४६ च्या सुमारास तो घेतला. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड बांधला असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. रायगडाच्या आधी स्वराज्याचा कारभार चालला तो राजगडावरून. मोसे खोऱ्यातले बाजी पासलकर, हिरडस मावळातले बांदल, रोहिड खोऱ्यातले कान्होजी जेधे, भुतोंड्याचे येसाजी कंक, ही सगळी याच डोंगरांतली माणसं. त्यांची नावं आपल्या धरणांच्या पाण्याला दिली आहेत. पानशेतचा तानाजीसागर, वरसगावचा वीर बाजी पासलकर जलाशय, भाटघरचा येसाजी कंक जलाशय. नावं चांगलीच दिली. पण त्या पाण्याखाली काय आहे, ते सांगणारी पाटी कुठल्याच काठावर नाही.

पाण्याखाली आपली गावं आहेत. आंबी नदीच्या खोऱ्यातली, मोसे खोऱ्यातली, भोरला वेळवंडीच्या खोऱ्यातली. आपल्या शेजारी मुळशीत तर १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मोठा सत्याग्रह झाला. त्यात बायाही उतरल्या होत्या. तरी धरण झालंच. भाटघरचं धरण इंग्रजांच्या काळात झालं. पानशेतचं काम स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात सुरू झालं.

आणि मग १२ जुलै १९६१. धरण अजून पुरतं झालं नव्हतं, तरी पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. पाणी सोडायच्या मोरीवरचा मातीचा भराव खचायला लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून धरण रात्री न फुटता सकाळी फुटलं, आणि त्यामुळं कितीतरी जीव वाचले. ते पाणी खडकवासल्यावर आदळलं, तेही जुनं धरण फुटलं, आणि निम्मं पुणं पाण्यात गेलं. पुण्यात त्या पुराच्या आठवणी अजून निघतात. दर १२ जुलैला वर्तमानपत्रांत लेख येतात, जुने फोटो येतात, पाणी कुठवर चढलं होतं ते लोक दाखवतात. ते बरोबरच आहे, त्यांनी माणसं गमावली, घरं गमावली.

पण पानशेत म्हटलं की फक्त पुणंच आठवतं. ज्या खोऱ्यात ते पाणी साठलं होतं, तिथल्या घरांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. धरण पुन्हा बांधलं गेलं, १९७२ च्या सुमारास पुरं झालं. आज पानशेतमध्ये साडेदहा टीएमसीच्या वर पाणी मावतं, वरसगावमध्ये पावणेतेराच्या आसपास. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. पुण्याच्या नळाला येणारं पाणी बरंचसं याच खोऱ्यांतलं. आपल्या घरातल्या कुणाचं शेत, कुणाचं खळं, कुणाचं माहेर त्याच्या तळाशी आहे. काही कुटुंबं वर डोंगराच्या अंगाला सरकली, काही खाली सपाटीच्या तालुक्यांत जमिनी घेऊन गेली. एका आळीतली भावकी चार ठिकाणी झाली.

गेल्या काही महिन्यांत आम्ही गटांच्या बैठकीत जुन्या बायांना मुद्दाम बोलतं केलं. एक आजी म्हणाल्या, "बापय माणसाचं गाव गेलं म्हणतात. माझं तर माहेर गेलं आणि माहेरची वाटही गेली." त्या लहानपणी आईबरोबर नदीकाठानं चालत आजोळी जायच्या. सकाळी निघालं की न्याहारीला पोचत. पाणी आलं आणि त्याच गावाला होडीनं किंवा अख्खा डोंगर वळसा घालून जायची पाळी आली. मग जाणं कमी झालं, आणि नातंही पातळ झालं. दुसऱ्या एका मावशींनी बोटं मोडत शेतांची नावं सांगितली. नदीकडची मळई, देवळामागची खाचरं, आंब्याखालचं शेत. तिसऱ्या एकींना सासूकडून कळलेली भाताची जुनी वाणं माहीत होती. कुठलं वाण उशिरा निसवतं, कुठलं आजाऱ्याला पेज करायला घ्यायचं, कुठल्याचा भात दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. हे कुठल्या पुस्तकात नाही. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, शेताचं नाव नसतं. इतिहासाच्या पुस्तकात लढाई असते, लढाईला गेलेल्या माणसाच्या घरी चूल कुणी पेटती ठेवली ते नसतं.

म्हणून आम्ही म्हणतो, फ्रान्समधल्या त्या गावाचा इतिहास दगडात आहे, आपला बायांच्या डोक्यात आहे. दगड आठशे वर्षं टिकतो. माणसाचं तसं नाही. साधा हिशेब करा. १९६१ साली जी मुलगी १० वर्षांची होती, ती आज ७५ च्या आसपास आहे. तिच्याआधीच्या बहुतेक गेल्या. आमच्या बैठकीला येणाऱ्यांतल्या दोन आजी या पावसाळ्याच्या आत गेल्या. त्यांच्याकडून आम्ही लिहून घेतलं ते चार पानं. बाकी सगळं त्यांच्याबरोबर गेलं.

कुणी म्हणेल, बायांच्या आठवणींना कोण विचारतं? त्यावर एक खरी गोष्ट सांगतो. याच फ्रान्स देशातून गी पॉइटवाँ नावाचे एक गृहस्थ आपल्याकडं आले आणि पुण्याचेच होऊन राहिले. पुण्याच्या हेमा राईरकर यांच्याबरोबर त्यांनी डोंगरी भागातल्या गरिबांमध्ये काम केलं. मुळशीसारख्या भागातल्या बाया पहाटे दळताना ओव्या म्हणायच्या, त्या ओव्यांत त्यांना मोठं शहाणपण दिसलं. मग ओव्या गोळा करायचं काम सुरू झालं. हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. दोघेही आता हयात नाहीत, गी २००४ ला गेले आणि हेमाताई २०१० ला. पण त्या ओव्या आज 'पारी' या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात, आणि कित्येक तर म्हणणाऱ्या बाईच्याच आवाजात ऐकता येतात. मोबाईल हातात असलेल्या पोरीला सांगा, ती शोधून देईल. जात्यावरचं गाणं आपण घरातलं म्हणून सोडून दिलं होतं. ते आज जगभरातले अभ्यासक ऐकतात. जातं गिरणीमुळं थांबलं, तरी गाणं राहिलं, कारण कुणीतरी वेळेवर लिहून घेतलं.

आता दुसरी बाजूही बघू या. राजगड यादीत गेल्यावर येणारे लोक वाढणार. पानशेतला तर शनिवारी-रविवारी आधीच गर्दी असते. गाड्या येतात, होडीत बसतात, मक्याचं कणीस खातात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परत जातात. मागं प्लास्टिक उरतं. "इथं बघण्यासारखं काय आहे?" असं त्यांनी विचारलं तर आपली पोरं सांगतात, धरण आणि बोटिंग. आपल्यालाच आपलं गाव सांगता येत नसेल तर ते दुसरं कुणी सांगणार, आणि त्याचे पैसेही तोच घेणार. त्यात जमिनीही विकल्या जातात. आज एक शेत गेलं, तिथं कुंपण पडलं. उद्या त्या शेताचं नावही कुणाला आठवणार नाही, तिथल्या पाणवठ्याचं नाही, आणि कुंपणात अडकलेल्या देवाचं तर नाहीच. पाण्यात गेलं ते आपल्या हातात नव्हतं. हे मात्र आपल्या डोळ्यांदेखत जातं आहे.

मग करायचं काय? आम्ही तीन कामं सुचवतो. तिन्ही गटाला जमण्यासारखी आहेत.

पहिलं काम वहीचं. प्रत्येक गटानं २०० पानी एक वही घ्यायची. वर गावाचं नाव लिहायचं. महिन्याच्या बैठकीत बचत जमा झाली की अर्धा तास वहीला द्यायचा. एका बैठकीत एकाच जुन्या बाईला बोलू द्यायचं आणि शिकलेल्या सुनेनं किंवा मुलीनं लिहायचं. बोलतील तसंच लिहायचं, पुस्तकी करायचं नाही. "निसवतं" म्हणाल्या तर "निसवतं"च लिहा. विचारायचं काय? जुनी वस्ती कुठं होती आणि घरं किती होती. शेतांची, ओढ्यांची, पाणवठ्यांची नावं. गावदेवाचं ठाणं आधी कुठं होतं, आता कुठं आहे, आणि ते कुणी कसं हलवलं. भात, नाचणी, वरई, खुरासणीची कुठली वाणं पेरत. राब कसा भाजत, इर्जिकीला कोण कुणाकडं जात. बाळंतिणीला काय खाऊ घालत. कुठल्या दुखण्याला कुठला पाला लावत. माहेरची वाट कुठून जात होती. आणि पाणी आलं त्या वर्षी घरात काय झालं. हे शेवटचं विचारताना घाई करू नका. बाई गप्प झाली तर गप्प बसू द्या, चहा करा, पुढच्या महिन्यात परत विचारा. मोबाईलवर आवाजही भरून ठेवा, पण आधी त्यांना विचारून. घरातली भांडणं, जमिनीचे वाद, कुणाची बदनामी, असलं काही वहीत घ्यायचं नाही.

दुसरं काम ग्रामपंचायतीत. जैवविविधतेचा कायदा २००२ साली झाला. त्याप्रमाणं गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावातली वाणं, झाडं, औषधी पाला, जनावरं यांची लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. या समितीत निदान एक तृतीयांश बाया असाव्या लागतात. आपल्या गावात समिती आहे का, त्यात बाया कोण आहेत, नोंदवहीत काय लिहिलं आहे, हे महिला ग्रामसभेत विचारा. कित्येकदा ती बाहेरून कुणीतरी दोन दिवसांत भरलेली असते. आपल्या गटाच्या वहीतली वाणांची आणि पाल्याची माहिती त्यात घालायला लावा. म्हणजे आजीचं ज्ञान सरकारी कागदावर येईल, गावाच्या नावावर.

तिसरं काम तांदळाचं. आपण इंद्रायणी पिकवतो, जी वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आली. काही जणी अजून थोडा आंबेमोहर लावतात. शिजला की आळीभर वास सुटतो. आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. म्हणजे त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, त्या फ्रेंच गावच्या नावाला आहे तसंच. तरी आपण करतो काय? पोतं भरतो, व्यापाऱ्याला देतो, आणि तो त्याच्या पिशवीत त्याच्या नावानं विकतो. गटानं तांदूळ विकताना पिशवीवर गावाचं नाव लिहावं. खोऱ्याचं नाव लिहावं. खाली दोन ओळींत वाण कुठलं आणि कुणी पिकवलं ते लिहावं. आणि त्या फ्रेंच पंचांसारखी एक शिस्त पाळावी. कणी मिसळलेला, जुना, ओला तांदूळ गावाच्या नावानं जाऊ द्यायचा नाही, मग तो गटाच्या अध्यक्षांच्या घरचा का असेना! नाव एकदा गेलं की परत मिळवायला फार वर्षं लागतात. बाकी मानांकनाचं नाव छापायचं असेल तर त्याची रीतसर नोंदणी लागते, तेव्हा कृषी सहायकाला विचारून मगच छापा.

आणि वर्षातून एकदा हे सगळ्यांसमोर जागवायचं. त्यासाठी १२ जुलैचा दिवस आम्हाला बरा वाटतो. लावणीचे दिवस असतात हे खरं, पण संध्याकाळी तासभर तरी निघेल. योगायोग बघा, राजगडाचं नाव जगाच्या यादीत गेलं तो दिवस ११ जुलै, आणि दुसऱ्याच दिवशी पानशेत फुटल्याला ६४ वर्षं झाली. मुलांना दोन्ही दिवस एकत्र सांगता येतील. शाळेत किंवा देवळात जमायचं आणि वहीतली चार पानं मोठ्यानं वाचायची. ज्या आजींनी सांगितलं त्यांना पुढं बसवायचं. धरणाच्या भिंतीकडं बोट दाखवून मुलांना सांगायचं की भिंतीच्या आत आपली अमुक आळी होती, तमुक विहीर होती. पाण्याबरोबर दुसरीकडं गेलेल्या भावकीलाही निरोप द्यायचा. तिकडच्या बायांकडंही याच गावाच्या आठवणी आहेत, आणि त्यांच्याशिवाय ही वही अर्धीच राहील.

हे केल्यानं गेलेलं गाव परत येणार नाही. शेत मिळणार नाही. ज्यांचे मोबदल्याचे प्रश्न अजून अडकलेले आहेत, ते वहीनं सुटणार नाहीत. त्यासाठी वेगळी लढाई करावी लागते, आणि ती चालू आहे. पण पुढच्या पिढीतल्या पोरीला कुणी विचारलं की तू मूळची कुठली, तर तिनं नुसतं "धरणापाशी राहते" म्हणू नये. तिला गावाचं नाव सांगता यावं, शेताचं नाव सांगता यावं, आणि आपल्या पणजीला भाताची किती वाणं ठाऊक होती तेही सांगता यावं.

पुढच्या बैठकीला येताना पासबुकाबरोबर एक कोरी वही घेऊन या. आणि तुमच्या आळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला हात धरून बरोबर आणा. तिला बसायला भिंतीकडंची जागा द्या.

येतो आम्ही. नमस्कार.